काम जाते, कामगार राहतो

कारखाना बंद पडला की वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी येते. किती कामगार बेकार झाले त्याचा आकडा तीत असतो. पुढच्या आठवड्यात दुसरी बातमी येते आणि पहिली आपण विसरून जातो. त्या आकड्यातला एकेक माणूस मात्र दुसऱ्या दिवशीही पाळीच्या वेळेलाच उठतो, कारण अंगाला तशी सवय लागलेली असते. मग आता जायचं कुठं, हे त्याला कळत नाही. अशा माणसाला सरकारने काय द्यावे, केव्हा द्यावे आणि मुख्य म्हणजे कोणत्या अटीवर द्यावे, एवढाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

"भोकरला कुठं एवढे कारखाने आहेत, की आम्ही याचा विचार करावा?" असे आपण म्हणाल. म्हणणे खोटे नाही. आमचा तालुका कापसाचा, ज्वारीचा नि आता सोयाबीनचा. पण भोकरच्या स्टेशनावर नंदीग्राम एक्स्प्रेस थांबते, आणि गावोगावची पोरे गाडीने, एस.टी.ने, मिळेल त्या वाहनाने मुंबईला, पुण्याला, हैदराबादला कामावर जातात. कारखाना तिकडे बंद पडतो आणि माणूस इकडे परत येतो. म्हणजे कारखाना परगावचा असला तरी बेकारी भोकरचीच! शिवाय नांदेडची उस्मानशाही मिल ही तर आपल्या घरचीच गोष्ट. निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाची ही गिरणी. केंद्र सरकारने १९७४ साली आजारी कापडगिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले, त्या कायद्याच्या यादीत तिचे नाव होते. पुढे ती नांदेड टेक्सटाईल मिल म्हणून चालली आणि अखेर बंद पडली. ज्यांनी तिचा भोंगा ऐकून घरातून पाऊल बाहेर टाकले, त्यांची मुले-नातवंडे आज नांदेडात आहेत. तेव्हा हा प्रश्न आपल्याला परका मानता येणार नाही.

काम एका देशातून दुसऱ्या देशात जाते, ही काही आजची नवलाई नव्हे. आपल्या विणकराचा हातमाग लँकेशायरच्या गिरण्यांनी बसवला, हे आपण शाळेत शिकलो. १८५४ साली मुंबईत ताडदेवला पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग सुरू झाला आणि चाक उलटे फिरू लागले. पुढे मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जपानचा माल आणि स्वदेशीची चळवळ या सगळ्यांमुळे लँकेशायरची हिंदुस्थानातली बाजारपेठ ओसरली आणि तिकडचे माग थंड पडले. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी गांधीजी विलायतेला गेले, तेव्हा सप्टेंबर महिन्यात ते मुद्दाम लँकेशायरला जाऊन आले. ज्यांच्या पोटावर आपल्या बहिष्काराने पाय आला होता, त्याच कामगारांच्या वस्तीजवळ ते उतरले. कामगारांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. गांधीजींनी त्यांचे दुःख ऐकून घेतले आणि हिंदुस्थानातले दारिद्र्य त्याहून किती खोल आहे तेही सांगितले. दोन्ही बाजूंचे दुःख खरे होते. एकाचे काम दुसऱ्याकडे गेले की दुसऱ्याच्या घरी चूल पेटते आणि पहिल्याच्या घरची विझते. यात कोणी एक दुष्ट असतोच असे नाही.

पुढे १९५९ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने कापूस-उद्योगासाठी एक कायदा केला. तोवर हिंदुस्थान, पाकिस्तान, हाँगकाँग येथले स्वस्त कापड इंग्लंडच्या बाजारात भरपूर येऊ लागले होते. जुने चरखे आणि माग मोडीत काढणाऱ्या मालकांना सरकारने भरपाई दिली, तिचा दोन-तृतीयांश भाग सरकारी तिजोरीतून गेला. काम गेलेल्या मजुरांची भरपाई मात्र धंद्यातूनच, धंद्यावर पट्टी बसवून उभारायची असे ठरले. मोडक्या यंत्राला सरकार धावले आणि माणसाला धंद्याच्या हवाली केले! तरी निदान माणसाची आठवण ठेवली, हेही नसे थोडके.

आता कुणी विचारील, की धंद्यात तेजी-मंदी असायचीच; किराणा दुकान बसले तर दुकानदाराला कुणी भरपाई देत नाही, मग कामगारालाच का द्यावी? प्रश्न रास्त आहे, आणि अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने त्याचे उत्तर टाळू नये. बाहेरचा माल स्वस्तात येऊ द्यायचा की नाही, जकात किती ठेवायची, कोणत्या धंद्याला परवाना द्यायचा, हे सरकार ठरवते. त्या निर्णयाने कापड स्वस्त झाले तर फायदा तुम्हा-आम्हा सर्वांना होतो, प्रत्येकाला थोडा-थोडा, सदऱ्यामागे चार-दोन रुपयांचा. तोटा मात्र सर्वांत वाटला जात नाही. तो मोजक्या हजार घरांवर एकदम कोसळतो. साऱ्या गावाने पाणी प्यावे आणि विहिरीसाठी जमीन एकट्याचीच जावी, असा हा प्रकार. जमिनीचा मोबदला देतात तो दया म्हणून नव्हे, तर देणे म्हणून. कामगाराचेही तसेच आहे.

हा विचार अमेरिकेत पोलाद कामगारांच्या संघाचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनाल्ड यांनी १९५४ साली मांडला. परराष्ट्रीय व्यापाराचे धोरण ठरवणाऱ्या आयोगाचे ते सभासद होते. जकाती उतरवण्यात राष्ट्राचे हित असेल तर उतरवा. पण त्यापायी ज्यांचे काम जाईल त्यांना राष्ट्राने सावरावे, असे त्यांचे म्हणणे. अध्यक्ष केनेडी यांच्या काळात, १९६२ च्या व्यापारविस्तार कायद्यात, ते मान्य झाले. काम गेलेल्या मजुराला सरासरी वेतनाच्या ६५ टक्क्यांपर्यंत भत्ता, तोही साधारण वर्षभर, आणि शिवाय नव्या धंद्याचे शिक्षण, अशी ती योजना होती. कागदावर पाहाल तर उत्तम!

आणि झाले काय? १९६२ पासून १९६९ च्या नोव्हेंबरपर्यंत, म्हणजे सात वर्षे, एकाही कामगारगटाचा अर्ज मंजूर झाला नाही. कारण अटीत होते. आयात वाढली हे दाखवा. ती मुख्यतः जकातीच्या सवलतीमुळेच वाढली हे दाखवा. आणि तुमची नोकरी मुख्यतः त्या आयातीमुळेच गेली हेही दाखवा. एका साखळीचे हे तीन दुवे, आणि सिद्ध करायचे कोणी? ज्याला उद्याच्या भाकरीची चिंता आहे त्याने. कारखाना बुडतो तेव्हा त्याला चार रोग एकदम जडलेले असतात. यंत्रे जुनी झालेली असतात, मालकाने नफा दुसरीकडे गुंतवलेला असतो, गिऱ्हाइकाची आवड बदललेली असते आणि बाहेरचा मालही आलेला असतो. यांपैकी "मुख्य" कोणता, हे वैद्यालाही सांगता येणार नाही. अमेरिकेतल्या कामगारसंघांनी पुढे या मदतीला "दफनखर्चाचा विमा" असे नाव ठेवले, ते उगीच नव्हे.

१९७४ साली तिथे कायदा सैल केला. आयातीचा "महत्त्वाचा हातभार" दिसला तरी पुरे झाले. अर्जाचा रस्ताही सोपा होता. एकाच ठिकाणच्या तीन कामगारांनी मिळून अर्ज केला तरी मजूर खात्याने चौकशी करायची. १९८० च्या सुमारास जपानी मोटारींच्या लोंढ्याने मोटार कामगार हजारोंनी बेकार झाले, तेव्हा या योजनेचा खर्च एकदम फुगला आणि १९८१ साली सरकारने तिला कात्री लावली. म्हणजे गरज वाढली त्याच वेळी हात आखडला. २००२ साली कारखानाच परदेशी हलवला तर त्याचाही स्पष्ट समावेश झाला, आणि एक शहाणपणाची तरतूद आली. पन्नाशी उलटलेला कामगार कमी पगाराच्या नव्या कामाला लागला, तर जुन्या-नव्या पगारातल्या फरकाचा निम्मा भाग सरकारने दोन वर्षांपर्यंत द्यायचा. एकूण मर्यादा दहा हजार डॉलरांची. पन्नास वर्षांच्या माणसाला शाळेच्या बाकावर बसवून नवा कारागीर करणे किती अवघड आहे, हे यात ओळखले होते. आणि शेवट? १ जुलै २०२२ पासून या योजनेत नवे अर्ज तपासणेच थांबले. कायद्याची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. साठ वर्षांचा हा प्रयोग असा थांबला.

युरोपने यातून काही धडा घेतला असे दिसते. तिथल्या राष्ट्रांच्या संघाने २००७ पासून एक निधी चालू केला. आरंभी त्याचीही अट अशीच, की जागतिक व्यापारामुळे निदान हजार माणसे बेकार झाली पाहिजेत. २००९ साली हजारांची पाचशे झाली, आणि आर्थिक मंदीने गेलेल्या नोकऱ्याही तात्पुरत्या धरल्या गेल्या. २०२१ च्या नव्या नियमात संख्या दोनशेवर आली आणि व्यापारच कारणीभूत असला पाहिजे ही अट गेली. काम यंत्राने खाल्ले, मंदीने खाल्ले की परदेशाने नेले, हे विचारायचे नाही, असे ठरायला चौदा वर्षे लागली.

या निधीचे एक उदाहरण आपल्याशीही नाते सांगणारे आहे. जर्मनीतल्या बोखुम येथला नोकिया कंपनीचा फोनचा कारखाना २००८ साली बंद झाला आणि काम रुमानियातल्या क्लूज येथे गेले. बोखुमच्या कामगारांना युरोपच्या निधीतून साहाय्य मिळाले. २०११ साली क्लूजचाही कारखाना बंद करून काम आशियात हलवण्याचे ठरले. आपल्या देशात चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरला याच कंपनीचा कारखाना २००६ साली सुरू झाला होता. हजारो तरुण मुला-मुलींना तिथे काम मिळाले. तोही १ नोव्हेंबर २०१४ रोजी बंद पडला. काम हे असे पाहुण्यासारखे आहे, आज या घरी तर उद्या त्या घरी. फरक इतकाच, की बोखुमच्या मजुरामागे त्याच्या नोकरीइतकाच भक्कम एक निधी उभा होता, आणि श्रीपेरुंबुदूरच्या मुलीच्या हातात कंपनीने देऊ केलेली स्वेच्छानिवृत्तीची रक्कम तेवढी पडली.

मग आपल्याकडे काहीच नव्हते का? होते, आणि बरेच जुने होते. औद्योगिक कलह कायदा १९४७ चा. १९५३ साली त्यात दुरुस्ती होऊन छाटणीची भरपाई आली. सेवेच्या प्रत्येक पुऱ्या वर्षासाठी १५ दिवसांचा सरासरी पगार, शिवाय एक महिन्याची नोटीस. वीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाला तीनशे दिवसांचा पगार मिळायचा, असा हिशेब. वीस वर्षांच्या घामाची ही किंमत वर्षभरही पुरत नाही. बरे, तो पैसा मालकाने द्यायचा आणि मालक तर बुडालेला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख माणसे संपावर गेली. संप कोणी जिंकला, कोण हरले, या वादात मी शिरत नाही. एवढे खरे, की संपानंतर कित्येकांना गिरणीचा दरवाजा पुन्हा उघडला नाही. कापड विणायचे काम भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांकडे आधीच सरकू लागले होते, ते पुढे अधिक वेगाने गेले. आता पाहा, हे काम काही परदेशी गेले नव्हते. अमेरिकेच्या कायद्याने या मजुराला एक पैसाही मिळाला नसता. पण परळच्या चाळीतल्या बाईला विचारा: काम समुद्रापार गेले काय नि खाडीपार गेले काय, तिच्या डब्यातले पीठ संपायचे तेव्हाच संपले.

१९८५ च्या जूनमध्ये केंद्र सरकारचे नवे वस्त्रोद्योग धोरण आले आणि १५ सप्टेंबर १९८६ पासून वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधीची योजना लागू झाली. गिरणी कायमची बंद पडून बेकार झालेल्या कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के मदत द्यायची. समजा, एखाद्याचा पगार हजार रुपये असेल तर त्याला महिन्याला आधी साडेसातशे, मग पाचशे, मग अडीचशे मिळायचे. तोवर त्याने दुसरे काम शोधावे, अशी कल्पना. उतरत्या पायऱ्यांची ही रचना समंजस होती. माणसाला एकदम खाली ढकलायचे नाही, हात धरून उतरवायचे, असा तिचा हेतू.

पण अटी काय होत्या? योजना खासगी मालकीच्या गिरण्यांसाठी होती. कामगाराची सलग पाच वर्षे नोकरी झालेली हवी. पगार ठरलेल्या मर्यादेच्या आत हवा. आणि गिरणी बंद करायला राज्य सरकारची रीतसर परवानगी मिळालेली हवी, नाहीतर तिच्यावर कोर्टाने अवसायक नेमलेला हवा. ही शेवटची अट वाचून थोडे थांबावेसे वाटते. गिरणी बंद आहे हे भोंगा सांगतो, धुराडे सांगते, फाटकावरचे कुलूप सांगते. पण कायद्याच्या भाषेत ती "बंद" व्हायला कागद लागतो, आणि तो मिळवणे मालकाच्या किंवा कोर्टाच्या हाती. मालकाने परवानगीच मागितली नाही आणि कोर्टातले काम रेंगाळले, तर गिरणी चालतही नाही नि बंदही नाही, अशी मधल्यामध्ये लोंबकळत राहते. तिच्याबरोबर तिचा कामगारही लोंबकळतो. बदली कामगाराचे तर आणखीच कठीण. ज्या दिवशी कायमचा माणूस गैरहजर असेल त्या दिवशी त्याला काम. वर्षानुवर्षे तो फाटकाशी उभा राहिलेला असतो. पण "सलग पाच वर्षे" हे शब्द त्याने कुठून आणायचे?

उस्मानशाहीसारख्या ज्या गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या, त्यांच्यासाठी मार्ग निराळा होता. तो म्हणजे स्वेच्छानिवृत्ती. १९९२ साली केंद्राने राष्ट्रीय नवीकरण निधी काढला. नव्या आर्थिक धोरणात ज्यांचे काम जाईल त्यांना पैसा आणि नवे शिक्षण, दोन्ही मिळावे, असा त्याचा उद्देश. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक पैसा सरकारी उपक्रमांतल्या स्वेच्छानिवृत्तीवर गेला आणि शिक्षण मागे पडले. एकरकमी पैसा हाती आला, की आपल्याकडे त्याला वाटा फुटायला वेळ लागत नाही. मुलीचे लग्न, सावकाराचे देणे, घराचे छप्पर. यांत उधळपट्टी कसलीच नाही, सगळ्या तुंबलेल्या गरजा. पण दोन वर्षांनी माणूस पुन्हा तिथेच उभा असतो, वय मात्र वाढलेले असते. मुंबईत गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी बांधलेल्या घरांची पहिली सोडत म्हाडाने २०१२ साली काढली. संपाला तोवर तीस वर्षे होऊन गेली होती. घर मिळाले त्याला आनंद झालाच असेल. पण वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

आता मला तुमचे लक्ष एका निराळ्या गोष्टीकडे वळवायचे आहे. ती आपल्याच मातीतली आहे. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या जुन्या माणसांना सांगावा लागत नाही. त्या काळात रोजगार हमी योजनेची पाळेमुळे राज्यभर पसरली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिची कल्पना मांडली होती आणि सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला १९६५ साली तिचा पहिला प्रयोग झाला होता. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा त्याला हाच नमुना उपयोगी पडला. महाराष्ट्राच्या या हमीत सर्वांत मोठी गोष्ट कोणती? काम मागायला आलेल्या माणसाला "तू बेकार का झालास?" असे विचारायचे नाही. पाऊस पडला नाही म्हणून, की जमीन सावकाराकडे गेली म्हणून, की भावाने वाटणीत फसवले म्हणून, याच्याशी सरकारला कर्तव्य नाही. अंगमेहनतीला तयार आहेस ना, मग काम घे. पंधरा दिवसांत काम देता आले नाही तर भत्ता.

आणि या योजनेचा पैसा कुठून उभा राहिला? राज्याने १९७५ साली व्यवसाय कर बसवला तो यासाठीच. नोकरदारांच्या आणि कारखान्यांतल्या पगारदार कामगारांच्या पगारातून तो कापला जाऊ लागला. म्हणजे शहरातल्या कामगाराने खेड्यातल्या मजुराच्या हमीला हातभार लावला. त्याने तो लावला हे योग्यच झाले. परंतु त्याचे स्वतःचे काम गेले तेव्हा मात्र त्याला विचारले गेले: गिरणी कायद्याने बंद आहे का? सलग पाच वर्षे भरली का? पगार मर्यादेत आहे का? ज्या राज्याने शेतमजुराला कारण न विचारता काम दिले, त्याच राज्यात गिरणी कामगाराला आपल्या बेकारीचा दाखला आणायला लावावे, हे मला फार विसंगत वाटते.

पुढच्या काळात काही पावले योग्य दिशेने पडली, तीही सांगितली पाहिजेत. १ एप्रिल २००५ पासून कामगार राज्य विमा महामंडळाने राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना काढली. कारखाना बंद पडला किंवा छाटणी झाली तर विमेदार कामगाराला निम्म्या पगाराइतका भत्ता. आरंभी तो सहा महिन्यांपुरता होता, पुढे मुदत वाढत गेली. वस्त्रोद्योगाचा जुना निधीही २०१७ साली याच योजनेत विलीन झाला. जुलै २०१८ मध्ये अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आली. तीत भत्ता सरासरी कमाईच्या पाव हिश्शाइतका, तोही नव्वद दिवसच. २०२० साली महामारीने कारखाने ठप्प झाले, तेव्हा हा भत्ता निम्म्या कमाईवर नेला गेला. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, मालकाच्या सहीशिवाय कामगाराला थेट शाखा कार्यालयात अर्ज करता येईल, असे ठरले. जो मालक दार लावून निघून गेला त्याचीच सही आणा म्हणणे किती वेडेपणाचे होते, हे संकटाने शिकवले. नोव्हेंबर २०२५ मध्ये नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तीत छाटणी झालेल्या कामगाराच्या नव्या कौशल्यासाठी मालकाने १५ दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम निधीत भरायची आणि ती ४५ दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, अशी तरतूद आहे. तत्त्व चांगले. पण पंधरा दिवसांच्या पगारात माणूस कोणते कौशल्य शिकतो, हा प्रश्न उरतोच. त्याच संहितेने, परवानगीवाचून कारखाना बंद करण्याची मोकळीक शंभराच्या आतल्या कारखान्यांऐवजी तीनशेच्या आतल्या कारखान्यांना दिली. एक दार उघडले आणि दुसरे सैल केले.

"भत्ता दिला की माणूस आळशी होतो," असा आक्षेप हमखास येतो. निम्म्या पगारावर आळशी होण्याइतकी चैन कुणाला परवडते, ते मला ठाऊक नाही. आणि हा पैसा फुकटचाही नव्हे. कामगार राज्य विम्यात कामगाराच्या पगारातून वर्गणी कापली जाते. जुलै २०१९ पासून तिचा दर पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के ठरला. ज्याने वर्षानुवर्षे हप्ता भरला त्याने अडचणीत भरपाई मागितली, तर त्याला भीक कसे म्हणायचे?

खरी अडचण पुढेच आहे. आमच्या भागातली बहुतेक पोरे कारखान्याच्या हजेरीपटावर नसतातच. ती गुत्तेदाराच्या वहीत असतात. माझे काही विद्यार्थी असे जाऊन आले. कुणाजवळ नेमणुकीचा कागद नाही, कुणाला आपला विमा क्रमांक माहीत नाही, कुणाकडून जाताना कोऱ्या कागदावर सही घेतलेली. त्यांच्यासाठी कोणतीही योजना असून नसल्यासारखीच. म्हणून परगावी कामाला जाणाऱ्यांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीने सांगतो. एक, पहिल्या पगारालाच विमा क्रमांक आणि भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मागून घ्या, आणि पगाराची प्रत्येक चिठ्ठी घरी जपून ठेवा, जशी सातबाराची नक्कल ठेवता तशी. दुसरी गोष्ट, मालक कामावरून कमी करीत असेल तर राजीनाम्यावर सही करू नका. छाटणी झाली तर कायद्याने भरपाई आहे. आपण होऊन सोडले असे लिहून दिले, की छाटणीच्या भरपाईचा आणि बेकारीच्या भत्त्याचाही हक्क जातो. दोन ओळींच्या राजीनाम्याने वर्षांची कमाई पुसली जाते.

व्यक्तीने सावध राहावे हे खरे, पण एवढ्याने राज्याची जबाबदारी संपत नाही. या सगळ्या इतिहासावरून माझ्या दृष्टीने तीन गोष्टी निघतात. मदत कारणाला बांधू नये. काम परदेशी गेले, भिवंडीला गेले की यंत्राने गिळले, बेकारी सारखीच असते. मदत कारखान्याच्या कागदालाही बांधू नये. ती कामगाराच्या स्वतःच्या क्रमांकाला बांधावी, म्हणजे मालक पळाला आणि गुत्तेदार बदलला तरी ती माणसाबरोबर चालेल. आणि मदत वेळेवर यावी. पहिल्या महिन्यात मिळालेले हजार रुपये घर सावरतात. भांडी विकल्यावर, पोराची शाळा सुटल्यावर मिळालेल्या दहा हजारांनी ते सावरत नाही.

वयस्क कामगारासाठी अमेरिकेतली पगारातला फरक भरून देण्याची युक्ती आपण अवश्य उचलावी. तिची योजना तिथे थांबली म्हणून तीतले शहाणपण खोटे ठरत नाही. आणि तरुणासाठी शिक्षण द्यायचे तर ते कामाच्या ठिकाणाशी जोडलेले द्यावे. नुसत्या प्रमाणपत्राने पोट भरत नाही, हे आमच्या पदवीधरांना विचारा.

श्रोतेहो, काम येईल नि जाईल. कधी ते लँकेशायरहून मुंबईला येईल, कधी मुंबईहून भिवंडीला जाईल, कधी चेन्नईहून आणखी कुठे. ते अडवून धरणे कोणत्याही सरकारच्या हातात पुरतेपणी नाही. पण काम गेल्यावर मागे उरलेल्या माणसाला काय विचारायचे, हे आपल्या हातात आहे. "तुझा कारखाना का बंद पडला?" हा प्रश्न अर्थशास्त्राच्या वर्गात ठीक आहे. सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी मात्र एवढेच विचारावे, "काम गेलं का?" आणि तो "हो" म्हणाला, की पुढचे कागद कचेरीने स्वतः शोधावेत.